दाखला आणि डाग

मासुजी इबुसे यांच्या कादंबरीवरून शोहेई इमामुरा यांनी केलेला ‘कुरोई आमे’, म्हणजे ‘काळा पाऊस’ (१९८९), हा कृष्णधवल चित्रपट बॉम्बपेक्षा सोयरिकीविषयी अधिक बोलतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी यासुको हिरोशिमाबाहेर होती. होडीतून शहराकडे येताना तिच्या अंगावर काळा पाऊस पडला. पाच वर्षांनंतर किरणोत्सर्गाच्या धास्तीने तिची स्थळे परत फिरतात. तिला सांभाळणारा शिगेमात्सू वैद्यकीय दाखला मिळवतो, रोजनिशी उतरवून काढतो. दाखल्यांवर सह्या करण्यात हयात गेलेल्या आम्हांस येथेच गलबलून आले. निरोगीपणाचा कागद पुढे करावा लागणे हाच संशयाचा पुरावा होतो. स्फोटाची दृश्ये भेदक खरी, परंतु या संथ, घरगुती प्रसंगांपुढे ती आम्हांस फिकी वाटली. यासुकोला न बिचकणारा एकच निघतो: मोटारीच्या आवाजासरशी रणगाडा समजून धावून जाणारा, युद्धाने भ्रमिष्ट केलेला युइची.