पेठेचं नाव, प्रभागाची हद्द आणि माझा वाया गेलेला चॅप्टर

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक तक्ता केला होता. डावीकडे पुण्याच्या पेठांची नावं, पुढे १८८१ ची लोकसंख्या, त्यापुढे २०११ ची. मधल्या १३० वर्षांत कुठली पेठ वाढली, कुठली आटली, यावर अख्खा एक चॅप्टर उभा केला. गाईडने तक्ता पाहिला आणि ‘शुक्रवार पेठ’ या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “ही कुठली शुक्रवार?” मला प्रश्नच कळला नाही. शुक्रवार पेठ म्हणजे शुक्रवार पेठ! तो कळायला दोन महिने गेले आणि चॅप्टर गेला तो गेलाच.

तुमच्यापैकी बरेच जण शहर, स्थानिक स्वराज्य संस्था किंवा निवडणुका असे विषय घेऊन पेट परीक्षेला बसणार आहात. म्हणून आज ज्या पुस्तकामुळे मी फसले त्याच्याबद्दल लिहिते: १८८५ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अठरावा खंड, भाग तिसरा. पुणे शहराचं प्रकरण त्यात आहे. पेठांवरच्या मराठी लेखांपैकी निम्मे तरी थेट किंवा आडवाटेने तिथूनच येतात.

आधी पुस्तकाचं देणं मान्य करू. त्यात अठरा पेठांची एकेक करून नोंद आहे: जुनं नाव काय, कोणी वसवली, लोकसंख्या किती, वस्ती मुख्यतः कोणाची. मंगळवार म्हणजे पूर्वीची शाइस्तापूर, सोमवार म्हणजे शहापूर, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद, रविवार म्हणजे मलकापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर. एवढी माहिती एका जागी आणि एका पद्धतीने आधी कुणी मांडली होती? घाईत असलेल्या विद्यार्थ्याला हे घबाडच वाटतं. मलाही वाटलं.

पण नोंदी सलग वाचल्या की एक गोष्ट खटकायला लागते. वस्ती कोणाची हे पुस्तक सांगतं, मात्र ‘वसवली’ या क्रियापदाचा कर्ता बहुतेक ठिकाणी एकच माणूस असतो. शुक्रवार खासगीवाल्यांनी, रास्ता आनंदराव रास्त्यांनी, नाना पेठ नाना फडणवीसांनी. पेशव्यांची परवानगी, एक सरदार किंवा कारभारी, झाली पेठ. तांबट, बुरूड, कागदी, बोहरी हे जणू नंतर राहायला आले. प्रत्यक्षात कुठलीही पेठ कारागीर आणि व्यापारी आल्याशिवाय पेठ होत नाही, कारण पेठ म्हणजेच बाजार. त्यांची नावं पेठांना मिळाली नाहीत, आळ्यांना मिळाली. तांबट आळी, बोहरी आळी, कागदीपुरा. नावांचा उगम शोधताना आपण पेठेपाशी थांबलो तर फक्त आश्रयदाता सापडतो. एक पायरी खाली, आळीपर्यंत उतरावं लागतं.

दुसरी अडचण नावावरून काळ ठरवण्याची. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, हे सगळ्यांना माहीत आहे. भाऊ १७६१ मध्ये पानिपतावर पडले. मग पेठ त्याआधीची, की त्यांच्या आठवणीसाठी नंतर नाव दिलेली? नावात याचं उत्तर नाही. ते पेशवे दफ्तरातल्या कागदात शोधायचं. ‘अमुकच्या नावाची’ आणि ‘अमुकने वसवलेली’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि आपल्याकडे रविवारच्या पुरवण्यांपासून शोधनिबंधांपर्यंत ती सर्रास एक केली जातात. मुहियाबादचं तर आणखी गमतीशीर आहे. औरंगजेबाने नातवाच्या नावावरून ठेवलेलं हे नाव कुठे बुधवार पेठेचं म्हणून सांगतात, कुठे अख्ख्या पुण्याचं. म्हणजे नाव आहे, कथा आहे, पण ते नेमकं किती जमिनीला लागू होतं यावरच एकमत नाही!

वारांच्या नावांचंही तसंच. ज्या दिवशी बाजार भरायचा तो वार, हे स्पष्टीकरण आपण शाळेपासून ऐकतो. असेलही. पण साताऱ्यात, सोलापुरात, कोल्हापुरातही मंगळवार, शुक्रवार, शनिवार पेठा आहेत. एकदा ही पद्धत रूढ झाल्यावर प्रत्येक ठिकाणी बाजारच कारण असेल, की उरलेले वार भरून काढले असतील? पुण्याची गुरुवार पेठ घ्या. गॅझेटियरच्या यादीत ती वेताळ पेठ म्हणून आहे, आज लोक गुरुवार म्हणतात. तुमच्या शहरातल्या पेठेबद्दल लिहिणार असाल तर त्या वारी तिथे बाजार भरल्याचा कागद दाखवा, नाहीतर ‘असे सांगितले जाते’ एवढंच लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

आता माझ्या चुकीकडे येते. गॅझेटियर इंग्रजीत आहे आणि त्यात पेठेला ‘वॉर्ड’ म्हटलंय. मी तो ‘वॉर्ड’ मराठीत आणताना डोळे झाकून ‘प्रभाग’ केला. इथेच सगळं बिघडलं. पेठ म्हणजे वस्ती आणि बाजार. प्रभाग म्हणजे मतदारांसाठी आखलेला तुकडा, राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली केलेला. तो आखताना पहिला निकष लोकसंख्येचा असतो. २०१७ च्या पुणे महापालिका निवडणुकीत १६२ जागा होत्या आणि ४१ प्रभाग, त्यातले ३९ चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे. २०११ च्या जनगणनेची सुमारे ३१ लाख लोकसंख्या घेऊन भागाकार केला तर चार सदस्यांच्या प्रभागाला साधारण ७७ हजार माणसं येतात, दहा टक्के इकडेतिकडे. शिवाय शक्यतो जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नाही, हद्द रस्ता, नदी, नाला, रेल्वे अशा दिसणाऱ्या गोष्टींवरून न्यायची, आणि क्रमांक उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेत संपवायचे. या हिशेबात पेठ कुठेच नाही. ती येते शेवटी, नाव देताना.

त्या वर्षीच्या प्रभाग १६ चं नाव होतं ‘कसबा पेठ-सोमवार पेठ’ आणि १७ चं ‘रास्ता पेठ-रविवार पेठ’. पुण्याचा जुना नकाशा काढा आणि नागझरी शोधा. कसबा आणि रविवार तिच्या पश्चिमेला, सोमवार आणि रास्ता पूर्वेला. जो ओढा शेकडो वर्षं पेठांची शीव होता, त्याच्या दोन्ही काठांची नावं मधल्या आडव्या रेषेने जोडली गेली. मला हे दिसलं तेव्हा आधी राग आला, इतिहास पुसला वगैरे वाटलं. तो राग फार टिकला नाही. लोकसंख्येच्या गणितात दाट पेठा कुणाशी तरी जोडाव्याच लागणार. माझा आक्षेप नावाला आहे. नाव दोनच जागा सांगतं. ते वाचून आपण समजतो की दोन्ही पेठा पूर्ण आत आहेत आणि तिसरी कुठलीच नाही. ते खरं आहे की नाही हे अधिसूचनेतल्या ‘व्याप्ती’वरून आणि चारही दिशांच्या वर्णनावरून बघायचं असतं. मी फक्त नाव वाचलं होतं.

त्याच यादीत प्रभाग १८ चं नाव ‘खडकमाळ आळी-महात्मा फुले पेठ’ असं होतं. फुले पेठ म्हणजे जुनी गंज पेठ, जोतिरावांचा वाडा तिथेच. हे नाव मला सगळ्यांत बोलकं वाटतं. एका बाजूला एक आळी, जिला कुणा सरदाराने नाव दिलं नाही, आणि दुसऱ्या बाजूला नंतरच्या लोकांनी ठरवून बदललेलं नाव. याउलट गॅझेटियरच्या अठरांतली न्याहाल पेठ तुमच्यापैकी कितींनी ऐकली आहे?

एवढ्यावरही गुंता संपत नाही, कारण पेठ कागदावर अजून जिवंत आहे. जुन्या शहरातल्या मिळकतीच्या दस्तात ‘पेठ शुक्रवार, सि. स. नं. अमुक’ असंच लिहितात, खाली चतुःसीमा असते. लोक ‘वॉर्ड ऑफिसात जाऊन येतो’ म्हणतात ते क्षेत्रीय कार्यालय असतं, त्याची हद्द आणखी वेगळी. त्यामुळे एकाच घरात राहणारा माणूस एका वेळी एका पेठेत, एका प्रभागात आणि एका क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत असतो, आणि तिन्ही ठिकाणी पेठेचं नाव आलं तरी जमीन तेवढीच असेल असं नाही. गाईडचा प्रश्न एवढाच होता.

नवा तक्ता अजून पुरा झालेला नाही. त्यात आता प्रत्येक आकड्याशेजारी ‘हद्द कोणी, कोणत्या साली आखली’ असा रकाना आहे, आणि २०११ च्या बाजूचे बरेच चौकोन रिकामे आहेत. सध्या सिटी सर्व्हेच्या नकाशांवर २०१७ च्या प्रभाग हद्दी हाताने उतरवतेय. रविवार पेठेपर्यंत आलेय. शुक्रवार मुद्दाम शेवटी ठेवलीय.