वाडा कशाने पडतो?

गेल्या दिवाळीत गावच्या घराचं काय करायचं, यावर आमच्याकडे बैठक बसली. घरातला इंजिनीअर म्हणून एक्सेल शीट माझ्या गळ्यात. दुरुस्तीचा खर्च, पाडून नव्यानं बांधण्याचा खर्च, हे रकाने भरले. 'उरलेलं आयुष्य' हा रकाना रिकामाच राहिला. त्याच आठवड्यात महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' पुन्हा वाचलं.

१९८५ साली रंगभूमीवर आलेलं हे नाटक सरंजामी कुटुंबाच्या पडझडीचं रूपक मानलं जातं. ते आहेच. पण या वेळी मला ते मेंटेनन्सचं नाटक वाटलं. तात्याजी देशपांडे गेलेत, वाड्यासमोर बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतोय आणि भावाभावांत घोळ चाललाय तो तेराव्याच्या खर्चाचा. आधी इभ्रत, मग भिंत.

आता जरा बांधकामाचं बघू. नाव चिरेबंदी असलं तरी कित्येक वाड्यांत दगड खालच्या भागातच असतो. वर माती, विटा, लाकूड. मातीची भिंत शंभर वर्षंही टिकते, डोक्यावरचं छप्पर शाबूत असेल तर. एक फुटकं कौल वेळेवर बदललं नाही की पाणी भिंतीत मुरतं, तुळईचं टोक कुजतं, वाळवी लागते. आरसीसीनंही अमरपट्टा आणलेला नाही. पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. घर कुठलंही असो, त्याचं वय दरवर्षी त्याच्यासाठी कोण राबतं यावर ठरतं.

देशपांड्यांकडे राबतो तो चंदू, घरचाच असून गड्यासारखा. प्रभाला शिकायचं होतं. तिला शिकू दिलं नाही. दागिन्यांच्या पेटीवर सगळ्यांचा डोळा आहे, या दोघांची आयुष्यं मात्र कुणाच्याच हिशेबात नाहीत. वाडा त्यांच्या खांद्यावर उभा आहे, हे एलकुंचवार न ओरडता दाखवतात.

माझी तक्रार एकच. वहिनी रात्री सगळे दागिने अंगावर घालते, तो प्रसंग इतका देखणा आहे की क्षणभर आपणही त्या वैभवाच्या बाजूचे होतो. लेखकालाही त्याची भूल पडली असावी. मग प्रेक्षक 'गेले ते वाडे' म्हणून उसासे टाकत घरी जातो आणि चंदू मागेच राहतो. हळहळ स्वस्त पडते.

आमच्या घरात तीस वर्षं काकूनं सारवण केलं, दर मे महिन्यात माणसं लावून कौलं चाळून घेतली. माझ्या शीटमध्ये तिच्या नावाची ओळच नव्हती. पुढच्या बैठकीत पहिल्यांदा तिला विचारलं, "काकू, तुला काय हवंय?"

तिला संडास घराच्या आत हवा होता. तो खर्च सगळ्यात वर लिहिला.