पाच तासिकांचे रान

पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिला. त्यातून पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचा जो पदवी अभ्यासक्रम आला, त्यात ५० तासिका होत्या. क्षेत्रकार्याला त्यांपैकी ५. लेखी परीक्षेला ७५ गुण, क्षेत्रकार्याला २५. निसर्ग हा वाचायचा विषय आणि रानात जाणे ही पुरवणी, अशी दृष्टी या आकड्यांतच दिसते.

खर्डीच्या परिसरात ही विभागणी विशेष खटकते. शहापूर-मुरबाडकडच्या वर्गांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतली मुले असतात; रान पाहायला त्यांना सहल काढावी लागत नाही. शेवळ्याचेच उदाहरण घ्या. पावसाच्या तोंडावर येणारी ही रानभाजी सुरणाच्या कुळातली, तिच्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक घशाला खाजवतात, एवढे वर्गात शिकवता येते. पण काकडाच्या आंबट फळांबरोबर ती शिजवली की खाज मोडते, हे विद्यार्थ्याच्या आजीला ठाऊक असते. वरचे खुडताना कंद जमिनीत राहू द्यावा, असे ती बजावते, तेव्हा ती संवर्धनच शिकवत असते. प्रकल्पवहीत मात्र ती आलीच तर ‘माहितीदाता’ म्हणून येते.

याहून वेगळी वाट आपल्याकडे पडलेली आहे. १९९०च्या दशकात माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या महाविद्यालयीन अध्यापक-विद्यार्थ्यांना या कामात सोबत घेतले. लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना त्याच काळातली. २००२च्या जैवविविधता कायद्याने स्थानिक पातळीवर व्यवस्थापन समित्या आणल्या. व्यापारासाठी वनस्पती गोळा करणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकारही त्यांना दिला. म्हणजे नोंदवही हा गावाच्या हक्काचा कागद आहे. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली. मुदत गाठायची तर यादी हाच सोपा मार्ग. यादीत शेवळे येते. ते पूर्वीइतके मिळते का, नसेल तर का, हा प्रश्न येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे क्षेत्रप्रकल्पाला आणि समाजसहभागाला आता श्रेयांक आहेत. तास वाढले, हे चांगलेच. पण त्या तासांत विचारायचे काय? तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, तेव्हापासून तिथले पाणी मुंबईला जाते. विद्यार्थी तलावावरचे पक्षी जरूर मोजोत. पण त्याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट का पाहतात, हे ज्या धड्यात नाही तो परिसंस्थेचा धडा अपुराच.

यावर आक्षेप येईल, की विज्ञान शिकवायचे की चळवळ? मोजमाप आणि पुन्हापुन्हा निरीक्षण ही शिस्त सोडून चालणार नाही. आजीचे म्हणणेही तपासावे लागेल. मात्र तपासणी दोन्ही बाजूंनी हवी. विद्यार्थ्यांनी केलेली नोंद ग्रामसभेत, तिथल्या बोलीत वाचली जावी. चुकले ते लोकांनी दुरुस्त करावे. एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी. क्षेत्रकार्याचे गुण द्यायचे ते या वाचनाला द्यावेत. परीक्षकाच्या सहीनंतर कपाटात जाणाऱ्या वहीने रानाचे काही राखले जात नाही, आणि विद्यार्थ्याच्या हातीही गुणांपलीकडे काही उरत नाही.