परदृष्टी, प्रश्न आणि ‘आपण’ : एका मानसशास्त्रीय संशोधनाची भाषाशास्त्रीय समीक्षा

दुसऱ्याच्या जागी स्वतःस ठेवून पाहिले म्हणजे त्याचे मन कळते, असा उपदेश आपल्याकडे घरोघरी केला जातो. या उपदेशाची प्रयोगाच्या कसोटीवर परीक्षा करणाऱ्यांत शिकागो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागेल. ताल एयाल व मेरी स्टेफेल यांच्यासह त्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला शोधनिबंध हा प्रस्तुत समीक्षेचा विषय आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतलीच आहे. परंतु तो भाषेच्या अभ्यासकांनीही वाचावा आणि त्याच्याशी थोडे भांडावे, असे वाटल्यावरून हे टिपण लिहिले आहे.

निबंधात एकंदर पंचवीस प्रयोगांचा वृत्तान्त आहे. डोळ्यांवरून व चेहऱ्यावरून भाव ओळखणे, खरे हसू व खोटे हसू यांतील भेद सांगणे, बोलणारा खरे बोलतो की खोटे हे ठरविणे, आपल्या जोडीदाराच्या आवडीनिवडी वर्तविणे, असे त्यांचे स्वरूप. काहींना दुसऱ्याच्या दृष्टीने विचार करण्यास सांगण्यात आले, काहींना तसे सांगण्यात आले नाही. कल्पनेने दुसऱ्याच्या जागी जाणाऱ्यांचे अंदाज अधिक अचूक ठरले नाहीत. एकंदरीने पाहता ते किंचित अधिकच चुकले. मात्र आपला अंदाज बरोबर आहे हा विश्वास काही वेळा वाढलेला आढळला. अखेरच्या प्रयोगात दुसऱ्याशी प्रत्यक्ष बोलून त्याचे मत जाणून घेण्याची मुभा दिली, तेव्हा मात्र अचूकता वाढली. निष्कर्ष असा की, परदृष्टीची कल्पना करणे वेगळे आणि ती प्राप्त करून घेणे वेगळे. जुन्या माहितीवर कितीही चिंतन केले तरी तीतून नवी माहिती निघत नाही.

या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. लेखकांनी आपली मर्यादाही सोडलेली नाही. प्रश्न अचूकतेचा आहे. परदृष्टीच्या कल्पनेने सद्भाव वाढत असेल तर ते त्यांनी नाकारलेले नाही. तेव्हा प्रयोगांच्या रचनेविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘विचारा म्हणजे कळेल’ या उत्तराच्या सरळपणाविषयी. प्रश्न हे मन उघडण्याचे निर्मळ साधन आहे, असे येथे गृहीत धरलेले दिसते. प्रश्न कोणी, कोणास, कोणत्या बोलीत विचारला, याचा हिशेब त्यात नाही.

येथे स्वतःच्या एका चुकीचा उल्लेख करणे भाग आहे. उमरेड हे नागपूरच्या आग्नेयेस असलेले, हातमागाच्या वस्त्रांसाठी पूर्वीपासून ओळखले जाणारे गाव. तेथील विणकरांच्या वस्तीत बोलीचे नमुने गोळा करीत असता प्रस्तुत लेखकाने एका वृद्ध विणकरास विचारले, “तुम्ही ‘मी जात आहे’ म्हणता, की ‘मी जाऊन राहिलो’ म्हणता?” म्हातारबाबांनी क्षणभर वहीकडे पाहिले व म्हणाले, “जात आहे, असंच म्हणतो जी आम्ही.” उत्तर टिपून घेतले. वही मिटण्यापूर्वीच त्यांचा नातू सायकल घेऊन निघाला आणि त्यांनी हाक मारली, “कुठी जाऊन राहिला रे?” आम्ही कल्पना केली नव्हती, रीतसर विचारले होते. तरीही मिळाले ते त्यांचे बोलणे नव्हे, तर आमच्या अपेक्षेची त्यांनी केलेली अटकळ. ज्यास प्रश्न विचारला, तोच प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी जाऊन बसला होता.

यातून एक पद्धतिविषयक आक्षेप निघतो. जोडीदाराच्या आवडीनिवडींसारख्या प्रयोगांत अंदाजाची अचूकता मोजण्याचे माप म्हणजे त्या व्यक्तीने स्वतः दिलेले उत्तर. समान दर्जाच्या व परिचयाच्या माणसांत हे माप चालेल. परंतु शिक्षक व विद्यार्थी, वैद्य व रोगी, अधिकारी व शेतकरी यांच्यामध्ये मापच वाकलेले असू शकते. तेथे विचारणे हे आवश्यक खरे, पण पुरेसे नव्हे.

आता मराठीच्या अंगाने पाहू. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. हा भेद हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही, तेलुगूच्या ‘मेमु’ व ‘मनमु’ यांत तो आहे. ऐकणाऱ्यास आपल्या बाजूस धरावे की नाही, याचा निर्णय केल्यावाचून मराठी भाषकास अनेकवचनी प्रथम पुरुष वापरताच येत नाही. ‘तो आजारी होता म्हणे’ या वाक्यातील ‘म्हणे’ही असेच. ऐकीव गोष्टीची हमी बोलणारा स्वतःकडे घेत नाही. ही दृष्टी दुसऱ्याची, असे तो एका शब्दात नोंदवितो.

म्हणून मराठी माणसास दुसऱ्याचे मन अधिक कळते, असा अनुमानाचा उतावीळपणा कोणी करू नये. दुसऱ्याच्या चुकीच्या समजुतीसाठी स्वतंत्र शब्द असलेल्या तुर्की व प्वेर्तो रिकोच्या स्पॅनिश भाषांतील मुलांची तुलना मॅरिलिन शॅट्झ व सहकाऱ्यांनी २००३ साली इंग्रजी व ब्राझिलच्या पोर्तुगीज भाषांतील मुलांशी केली. भाषेचा लाभ दिसला, पण तो त्या शब्दाने विचारलेल्या प्रश्नापुरता. सामाजिक-आर्थिक स्थितीचा परिणाम त्याहून व्यापक होता. व्याकरण दार दाखविते. आत जाण्याची सक्ती करीत नाही.

किंबहुना, एप्ली यांनी दाखविलेली चूक ‘आपण’ या सर्वनामात सहज लपू शकते. वर्गात शिक्षक म्हणतो, “आपल्या भाषेत ‘करून राहिला’ असे म्हणत नाहीत.” समोर बसलेल्या उमरेडच्या मुलीच्या घरी सकाळपासून रात्रीपर्यंत तसेच म्हणतात, आणि त्याचा अर्थ ‘करीत आहे’ असा निःसंदिग्ध आहे. ‘आपल्या’ या शब्दाने शिक्षकाने तिला सामावून घेतले, आणि त्याच श्वासात तिची आई, आजी व गल्ली भाषेबाहेर काढली. तो ‘आमच्या’ म्हणाला असता, तर निदान मतभेदास जागा उरली असती. न विचारता गृहीत धरलेल्या परदृष्टीचे याहून नेमके उदाहरण प्रयोगशाळेतही सापडणे कठीण.

प्रमाण भाषा शिकवू नये, असा याचा अर्थ नाही. शिकवावी, पण उत्तरपत्रिकेत ‘करून राहिला’खाली तांबडी रेघ ओढताना ते अज्ञान आहे की दुसरे व्याकरण आहे, हे परीक्षकाने ठरविले पाहिजे. आणि आपल्या विभागातील जे विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन गावोगाव जातात, त्यांनी एप्ली यांचा सल्ला मानून प्रश्न जरूर विचारावेत. मात्र उत्तर मिळाल्यावर वही लगेच मिटू नये. नातवास हाक मारली जाईपर्यंत थांबावे.