नाळेची निगा आणि क्लोरहेक्सिडिन : पुराव्याची चिकित्सा

प्रस्तावना :
नवजात अर्भकाची कापलेली नाळ ही जंतूंना शरीरात शिरण्याची वाट ठरू शकते. म्हणून नाळेवर जंतुनाशक लावून अर्भकमृत्यू टाळण्याचा उपाय पुढे आला. या उपायामागील पुराव्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यातील चाचणीत (निष्कर्ष २००६) ४ टक्के क्लोरहेक्सिडिन वापरलेल्या गटात, नाळ कोरडी ठेवलेल्या गटाच्या तुलनेत, नवजात मृत्यू २४ टक्क्यांनी व नाळेचा तीव्र संसर्ग ७५ टक्क्यांनी कमी आढळला. तेथे बहुतांश प्रसूती घरीच होत आणि नाळेला मोहरीचे तेल लावण्याची प्रथा होती, ही पार्श्वभूमी दुर्लक्षिता येत नाही.

बांगलादेशातील सिल्हेट येथील चाचणी (२०१२) अधिक विचारप्रवर्तक आहे. जन्मानंतर एकदाच द्रावण लावलेल्या गटात मृत्यू २० टक्क्यांनी घटले. सात दिवस रोज लावलेल्या गटात मात्र मृत्यूतील घट सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हती. याउलट तीव्र संसर्ग याच दुसऱ्या गटात अधिक घटला. म्हणजेच संसर्ग घटला की त्याच प्रमाणात मृत्यूही घटतात, हे गृहीतक येथे डळमळते. पुढे झांबिया व टांझानियातील पेंबा बेट येथील मोठ्या चाचण्यांत (२०१६) मृत्युदरात लक्षणीय घट आढळली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये, नवजात मृत्युदर हजारी ३० वा अधिक असलेल्या भागांतील घरच्या प्रसूतींसाठी या औषधाची शिफारस केली होती. २०२२ मध्ये ती अधिक मर्यादित झाली : नाळ स्वच्छ व कोरडी ठेवावी, शेणासारखे घातक पदार्थ नाळेला लावण्याची प्रथा जेथे सर्रास आहे, तेथेच क्लोरहेक्सिडिन वापरावे. दरम्यान आफ्रिकेतील काही देशांत हे औषध चुकून अर्भकांच्या डोळ्यांत घातल्याने अंधत्वासह गंभीर इजा झाल्या. उपाय स्वस्त असला तरी तो निर्धोक ठरतोच असे नाही, हे यातून दिसते.

निष्कर्ष :
क्लोरहेक्सिडिनची जंतुनाशक शक्ती वादातीत आहे. प्रश्न आहे तो एका परिसरातील टक्केवारी दुसऱ्या परिसराला लावण्याचा. प्रसूती कोठे होते आणि नाळेला काय लावले जाते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज औषध वाटणे म्हणजे निदानापूर्वीच उपचार करणे होय. स्वच्छ हात, निर्जंतुक पाते व कोरडी नाळ यांचे महत्त्व मात्र सर्वत्र अबाधित राहते.