खेळ ‘लागणें’

वाङ्मयाची चर्चा करणाऱ्या मासिकांत मुलांच्या व्हिडिओ गेमविषयीं लिहावें काय, असा प्रश्न आमचे कांहीं वाचक विचारतील. कादंबरी आणि बोलपट यांविषयींही हा प्रश्न एके काळीं विचारला गेला होता, आणि त्याचें उत्तर काळानेंच दिलें. हे पडद्यावरील खेळ आज घरोघर आहेत. त्यांत कथा आहे, चित्र आहे, संगीत आहे आणि त्यांचा परिणाम भोगणारा माणूस आहे. जेथें परिणाम आहे तेथें टीकेस जागा आहे. ज्या परिणामाविषयीं आम्ही लिहिणार आहों तो तर अगदीं शरीरावर होणारा आहे. हे खेळ कांहीं जणांस ‘लागतात’.

‘लागणें’ हें मराठींतील मोठें बहुरूपी क्रियापद आहे. भूक लागते, झोप लागते, नाद लागतो, वेड लागतें. योग्याची समाधि लागते, आणि सेलूहून जिंतुरास एस्. टी. नें निघालेल्या लहान मुलास गाडी लागते. समाधीस आणि गाडीस एकच क्रियापद लावणाऱ्या आपल्या भाषेनें नकळत एक मर्माची गोष्ट सांगून ठेविली आहे, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. तें कसें, तें सांगतों.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचीं भाचरें पुण्याहून सेलूस आलीं, तीं खेळाचें यंत्र बरोबर घेऊनच. परभणी जिल्ह्यांतील वैशाखाचें ऊन. दुपारीं बाहेर पडण्याची सोय नाहीं. माळवदाच्या खोलीचीं दारेंखिडक्या लावून, अंधार करून, दोघें पडद्यासमोर बसलीं. खेळ बंदुकीचा होता. खेळणाराच्या डोळ्यांनींच सारें दिसावें अशी त्याची रचना होती. धाकटा खेळत होता आणि बारा वर्षांची ताई शेजारीं बसून पाहात होती. पाव तासांत तिचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळास घाम सुटला आणि ती मोरीकडे धांवली. ‘ताई घाबरट आहे,’ असा निकाल धाकट्यानें तेथल्या तेथें दिला. मुलीचा कैवार घेऊन आम्हीं खेळ हातीं घेतला, आणि वीस मिनिटांनीं आमचीही तीच अवस्था झाली. ‘मामा, तुम्हांलासुद्धां?’ हे त्याचे शब्द आम्हांस बरेच लागले.

मुलांचा न्याय मोठ्यांच्या न्यायाहून फारसा निराळा नसतो. ज्यास गाडी लागते तो नाजूक, ज्यास लागत नाहीं तो खंबीर, असें आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलों आहों. परंतु या दुखण्याचें मूळ मनाच्या भित्रेपणांत नसून कानांत आहे. आपल्या आंतल्या कानांत श्रवणेंद्रियास लागूनच तोल राखणारें एक इंद्रिय आहे. त्यांतील तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकें कोणीकडे वळलें हें सांगतात. त्यांजवळच्या दोन पिशव्यांतील सूक्ष्म खडे डोकें कलतें आहे किंवा पुढेंमागें ढकललें जात आहे हें सांगतात. या इंद्रियावरील संशोधनाबद्दल रॉबर्ट बारानी या व्हिएन्नाच्या वैद्यास १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यापूर्वींच, १८८२ सालीं, विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें मूकबधिरांची पाहणी करून दाखविलें होतें कीं, त्यांतील पुष्कळांस गरगर फिरविलें तरी भोवळ येतच नाहीं. ज्याचें हें इंद्रिय पूर्ण निकामी झालें, त्यास गाडीही लागत नाहीं आणि बोटही लागत नाहीं. म्हणजे मळमळ ही दुबळ्या इंद्रियाची खूण नसून जाग्या इंद्रियाची खूण होय.

हें इंद्रिय आणि डोळा यांची साक्ष जुळेना म्हणजे मळमळ सुरू होते, ही उपपत्ति रीझन व ब्रँड या इंग्रज संशोधकांनीं १९७५ सालच्या आपल्या ग्रंथांत विस्तारानें मांडली. गाडींत पुस्तक वाचणाऱ्याचा कान म्हणतो, ‘आपण चाललों’. डोळा पानावर खिळलेला, तो म्हणतो, ‘स्थिर आहों.’ पडद्यावरील खेळांत ही साक्ष नेमकी उलटी होते. डोळा धांवतो, वळतो, उडी मारतो. कान सतरंजीवर बसलेला असतो. या भांडणाचें पर्यवसान पोटांत कां व्हावें, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. ट्रीझमन यांनीं १९७७ सालीं असा तर्क केला कीं, इंद्रियांची साक्ष फुटणें हें पूर्वीं विषबाधेचें लक्षण असल्यामुळें शरीर पोट रिकामें करूं पाहतें. रिचिओ व स्टॉफ्रेगन यांनीं १९९१ सालीं शरीराचा तोल सांवरण्याची घडी विसकटणें हेंच मूळ कारण मानिलें. वाद कांहींही असो, धैर्याचा येथें संबंध नाहीं.

केवळ डोळ्यास फसवून शरीरास हैराण करण्याची युक्ति या खेळांहून पुष्कळ जुनी आहे. १८९४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनांत एक ‘झपाटलेला झोपाळा’ होता. लोक झोपाळ्यावर बसत. झोपाळा जवळजवळ स्थिरच असे, आणि त्याच्या भोंवतालची खोली, भिंती व सामानासह, गरगर फिरविली जात असे. बसणारांस आपणच उलटेपालटे होत आहों असें वाटे, आणि कित्येकांस मळमळूं लागे. रॉबर्ट वुड या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें १८९५ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. आमची माळवदाची खोली त्या दुपारीं असाच एक झोपाळा झाली होती.

आतां टीकेच्या मुख्य मुद्द्याकडे वळूं. न. चिं. केळकर यांनीं १९२१ सालीं बडोदें येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून वाङ्मयानंदाची जी उपपत्ति सांगितली, ती ‘सविकल्प समाधि’ या नांवानें मराठी वाचकांस परिचित आहे. वाचक दुसऱ्याच्या सुखदुःखाशीं समरस होतो, पण आपण आपणच आहों ही जाणीव त्याला सोडून जात नाहीं. या दुहेरी अवस्थेंतच वाङ्मयाचा आनंद आहे, असें तिचें तात्पर्य. विकल्प अजीबात गेला तर रंगभूमीवरील खलनायकास मारावयास प्रेक्षक धांवेल. समाधि मुळींच लागली नाहीं तर तो जांभया देईल.

खेळणाराच्याच डोळ्यांनीं चालणारे जे खेळ आहेत, त्यांस आम्ही प्रथमपुरुषी खेळ म्हणतों. यांतील पुष्कळांचा आग्रह असा कीं, विकल्प उरूंच नये. ‘तूं येथें बसला आहेस हें विसर, तूं तेथें आहेस,’ असें ते डोळ्यास बजावतात. डोळा भाबडा, तो मान्य करितो. कान मात्र ‘मी जागचा हललों नाहीं’ ही आपली साक्ष सोडीत नाहीं. केळकर ज्यास विकल्प म्हणतात, तो येथें कानानें धरून ठेविलेला असतो. आमच्या भाचीची मळमळ म्हणजे तिच्या शरीरानें त्या कलाकृतीवर लिहिलेला प्रतिकूल अभिप्रायच होता.

यावर कोणी म्हणेल, प्रथमपुरुष हा दोष कसा? हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरींत यमूच आपली कहाणी सांगते, आणि तिच्याशीं तादात्म्य पावून वाचकांच्या पिढ्या रडल्या. खरें आहे, परंतु त्या कादंबरीचें पान वाचक आपल्या हातानें, आपल्या गतीनें उलटतो. यमू त्याची मान धरून वळवीत नाहीं. दोष पुरुषांत नाहीं, मान कोणाच्या हातीं आहे यांत आहे. एस्. टी. च्या चालकास गाडी लागल्याचें सहसा कोणी पाहिलें नसेल. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत दोन माणसांस एकदम, एकाच गतीनें फिरविलें. ज्याच्या हातीं नियंत्रण होतें त्यास त्रास कमी झाला, नुसत्या उतारूस अधिक. पुढचें वळण ज्यास आधीं ठाऊक असतें त्याचें शरीर तयार राहतें. ताई शेजारीं बसून पाहात होती, म्हणजे ती उतारू होती. तिला आधीं लागलें यांत नवल कोणतें?

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे रचनाकारांचे दोष स्पष्ट दिसूं लागतात. चालतांना डोकें खालींवर हलल्याचा देखावा. वळतांना चित्र मुद्दाम पुसट करणें. दृष्टीचें क्षेत्र इतकें अरुंद ठेवणें कीं नळींतून पाहात धांवल्यासारखें वाटावें. आणि सर्वांत वाईट म्हणजे मध्येंच खेळणाराच्या हातून कॅमेरा काढून घेऊन तो आपल्या लहरीप्रमाणें फिरविणें. १९९३ सालच्या ‘डूम’ या गाजलेल्या खेळापासून ही मळमळ खेळणारांच्या परिचयाची आहे. उलट २००८ सालच्या ‘मिरर्स एज’ या स्वीडिश खेळांत नायिका घरांच्या छपरांवरून धांवते, उड्या मारते, तरी निर्मात्यांनीं पडद्याच्या मध्यभागीं एक बारीकसा स्थिर ठिपका ठेविला, तो नजरेस आधार मिळावा म्हणूनच. आपल्याकडे फुगडी घालणाऱ्या मुलींस ही युक्ति कोणीं शिकविली नाहीं. त्या समोरच्या गडणीच्या तोंडाकडे पाहात फिरतात, भिंतींकडे पाहूं लागल्या कीं त्यांस भोवळ येते.

खेळणारानेंही आपला विकल्प राखण्याचे उपाय करावे. खोलींत उजेड असावा आणि पडद्यापासून दूर बसावें, म्हणजे कडेस भिंत, कोनाडा, खुंटी अशा स्थिर वस्तु दिसत राहतात. खेळाच्या सेटिंग्जमध्यें डोकें हलण्याचा व चित्र पुसट होण्याचा देखावा बंद करितां येत असल्यास करावा. संगणकाजवळ बसून खेळणारानें दृष्टिक्षेत्र वाढवावें, नव्वद अंशांच्या आसपास पुष्कळांस बरें वाटतें. वळण्याचा वेग कमी ठेवावा. आणि मुख्य गोष्ट ही कीं, कपाळास पहिला घाम येतांच थांबावें. सोसून खेळलें म्हणजे संवय होते, ही समजूत चुकीची आहे. संवय होते ती त्रास सुरू होण्यापूर्वीं थांबून, दुसरे दिवशीं पुन्हां थोडें खेळल्यानें. गाडी लागण्यावरील गोळ्या पुष्कळदां झोप आणितात. करमणुकीसाठीं मुलास औषध पाजणें यापेक्षां करमणूक बदलणें शहाणपणाचें.

बदललेली करमणूक म्हणून आम्हीं जो खेळ आणविला तो पुण्याच्याच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेला ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा होय. राजी नांवाची मुलगी राक्षसांनीं पळविलेल्या गोलू या आपल्या धाकट्या भावास शोधावयास निघते आणि अखेर महाबलासुराशीं लढते. तिची कथा दुर्गा व विष्णु यांच्या संवादांतून उलगडते, आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर रंगविले आहेत. पिंगुळीच्या ठाकरांचा खेळ ज्यांनीं पाहिला असेल त्यांस ओळखीचें माणूस भेटल्यासारखें वाटेल. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, येथें राजी आपणांस दुरून व उंचावरून दिसते. कॅमेरा खेळणाराच्या हातीं नाहीं. तो रचनाकारांनीं ठरविला आहे, पण तो गरगरत नाहीं, माळवदावरून अंगणांतला खेळ पाहणाऱ्या आजीसारखा शांत राहतो. म्हणून वर सांगितलेला उतारूचा त्रास येथें आम्हांस झाला नाहीं.

या रचनेची किंमत द्यावी लागते, हेंही सांगणें प्राप्त आहे. कांहीं ठिकाणीं उडीचें अंतर डोळ्यास नीट कळत नाहीं आणि राजी उगीच खालीं पडते; लढाया पुढें पुढें एकसुरी होतात; आणि कथा जेथें रंगावी तेथेंच आटोपते. प्रथमपुरुषी खेळांत कोपऱ्यावरून वळतांना छातींत जें धस्स होतें, तें येथें होत नाहीं. पण ताई तिच्या काळजींत पुरी बुडाली होती, आणि पाणी मागावयासही विसरली नव्हती. आमच्या मतें समाधि लागावी ती अशी.

पुस्तकाच्या परीक्षणांत छपाई व टाइप यांविषयीं दोन वाक्यें लिहिण्याची आपली जुनी रीत आहे. म्हाताऱ्या डोळ्यांस तीं उपयोगी पडतात. खेळांचें परीक्षण करणारांनींही हा खेळ कोणास लागेल आणि तें टाळण्याची सोय त्यांत कोठें आहे, हें तितक्याच नेमानें लिहावें. नाहींतर पुष्कळ मुलें आपण घाबरट आहों एवढेंच शिकून पडद्यापासून उठून जातील.

सुटी संपण्याच्या आठवड्यांत ताईनें तो पहिला बंदुकीचा खेळ पुन्हां मागितला. खिडकी उघडली, सेटिंग्ज बदलल्या, ती भिंतीला टेकून दूर बसली आणि या वेळीं खेळ तिच्या हातीं होता. दहा मिनिटें झालीं असतील नसतील, तोंच तिनें ‘बस्स’ म्हटलें. धाकट्यानें कांहीं न बोलतां यंत्र बंद केलें आणि दोघें चिंच पाडावयास परसांत गेलीं.