कॉफमनची तबकडी आणि आपले कान

वॉल्टर कॉफमन हें नांव आमच्या थोड्याच वाचकांस ठाऊक असेल. परंतु त्यानें बांधलेली आकाशवाणीची ओळखधून ज्यानें ऐकली नाहीं असा जुना मराठी श्रोता विरळाच. १९०७ सालीं कार्ल्सबाद येथें जन्मलेला हा ज्यू संगीतकार १९३४ सालीं मुंबईस आला व १९४६ पर्यंत येथें राहिला. त्याची ‘इंडियन सिंफनी’ व तिसरा पियानो-कन्सर्टो हीं आतां एका तबकडीवर मिळतात. पियानो एलिसावेता ब्लुमिना यांचा आणि वाद्यवृंद बर्लिनच्या रेडिओचा आहे.

भारतीय गाणें पियानोस मानवतें काय, हा येथें खरा प्रश्न. पियानोचे स्वर ठरीव. त्यावर कोमल गंधार वाजवितां येतो, पण मींड घेतां येत नाहीं कीं आंदोलन देतां येत नाहीं. म्हणून ह्या संगीतांत रागाचे स्वर भेटतात, राग भेटत नाहीं. लोकगीताची गोष्ट निराळी. मोजके स्वर, ठसठशीत ताल आणि पुनरावृत्ति यांवर तें उभें असतें. आघातानें वाजणाऱ्या वाद्यास तें सहज पेलतें. हंगेरीचा बार्टोक हें मर्म जाणून होता. १९०६ च्या सुमारास तो फोनोग्राफ घेऊन खेडोपाडीं हिंडला. कॉफमननेंहि गोंड व बैगा यांच्या गीतांचा अभ्यास करून १९४१ सालीं त्यांवर लेख लिहिला. जेथें त्याची लय अशा गाण्यांच्या जवळ जाते तेथें त्याची रचना जिवंत वाटते. जेथें तो केवळ रागाचे स्वर मांडतो तेथें ती नाटकाच्या रंगविलेल्या पडद्यासारखी भासते.

आम्ही कर्जत-खालापूरच्या बाजूचे; म्हणून ही तबकडी आम्हांस अधिक टोंचते. मुंबईहून शंभर किलोमीटरांवर गाडी कर्जतेस थांबते, उतारू वडा खातात आणि घाट चढून जातात. पलीकडच्या ठाकरवाडींत ढोलावर फेर धरला जातो, तो संमेलनांत शोभेपुरता आणून आम्ही कृतकृत्य होतों. गीतांचे शब्द छापतां येतात; चाल मात्र ऐकूनच टिकवावी लागते.

आरंभीं कॉफमनला आपलें संगीत मुळींच उमगलें नव्हतें. परंतु उणीव संगीतांत नसून आपल्या कानांत असावी, असें मानून तो ऐकत राहिला. त्याच्या सिंफनीहूनहि ही वृत्ति आम्हांस मोठी वाटते. तबकडी अवश्य ऐकावी. आणि आपल्या डोंगरांतलें गाणेंहि तितक्याच नम्रतेनें ऐकावें.